मंदीत पेरणारे

जे. आर. सिम्प्लॉट यांनी आठवीतच शाळेला रामराम ठोकला. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात त्यांनी बटाट्याचा धंदा उभा केला आणि मॅकडोनाल्ड्सला गोठवलेले फ्रेंच फ्राइज पुरवून तो अफाट वाढवला. १९८०च्या सुमारास त्यांच्याच राज्यातल्या बोईसी शहरातली एक नवखी कंपनी भांडवलाच्या शोधात होती. १९७८ मध्ये एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या तळघरात सुरू झालेल्या या कंपनीचं नाव मायक्रॉन, आणि तिला स्वतःचा मेमरी चिपचा कारखाना काढायचा होता. सिम्प्लॉट यांनी पैसे घातले. चिप कशी बनते याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण भाव कसे चढतात आणि कसे कोसळतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

मेमरीचा बाजार लासलगावच्या कांद्यासारखा चालतो. भाव चढला की सगळेच लागवड वाढवतात, सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो आणि भाव आपटतो. इथे मात्र ‘लागवडी’ला दोन-दोन वर्षं लागतात आणि आजच्या एका कारखान्याचा खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात जातो. पन्नास वर्षांचा हा इतिहास चाळला, तर कोण टिकलं आणि कोण बुडालं याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं: भाव पडलेले असताना नवी यंत्रं विकत घेण्याची ताकद आणि छाती कोणाकडे होती?

चिपसारख्या किचकट वस्तूवर ही पाळी का यावी? आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती कमालीची साधी होती. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर मिळून माहितीचा एक बिट साठवतात. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत झिरपत असतो, म्हणून तो दर काही मिलिसेकंदांनी वाचून पुन्हा भरावा लागतो. याच सततच्या भरण्यामुळे तिला ‘डायनॅमिक’ मेमरी म्हणजे डीरॅम म्हणतात. इंटेलनं १९७० मध्ये बाजारात आणलेली ‘११०३’ ही डीरॅम चिप जेमतेम १,०२४ बिटांची होती. दोनच वर्षांत ती जगातली सर्वाधिक खपाची चिप झाली आणि चुंबकी कड्यांच्या जुन्या मेमरीचे दिवस भरले.

मग टेक्सासमधल्या मोस्टेक कंपनीनं एक बारीकशी, पण फार दूरवर पोचणारी गोष्ट केली. ४,०९६ बिटांच्या चिपला प्रतिस्पर्धी २२ पाय देत होते. कोणता बिट हवा त्याचा पत्ता एकाच वेळी पाठवायचा, तर तेवढे पाय लागायचेच. मोस्टेकच्या अभियंत्यांनी १९७३ मध्ये तोच पत्ता दोन हप्त्यांत, त्याच पायांवरून पाठवला आणि १६ पायांत काम भागवलं. चिप लहान झाली, सर्किट बोर्डावर जागा वाचली. १६ हजार बिटांच्या पिढीत मोस्टेक सगळ्यांच्या पुढे गेली. तिची पायांची मांडणी इतकी सोयीची होती की इतरांनीही तीच उचलली. त्यामुळे एका कंपनीची चिप काढून तिथे दुसऱ्या कंपनीची बसवता येऊ लागली. संगणक बनवणाऱ्यांची चंगळ झाली, पण चिपवाल्यांकडे ‘आमची वस्तू वेगळी’ असं म्हणायला काही उरलं नाही. उरला तो भाव, आणि माल किती बिनचूक आहे ही कसोटी.

त्या कसोटीचा पहिला मोठा निकाल मार्च १९८० मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेत लागला. ह्यूलेट-पॅकार्डचे अधिकारी रिचर्ड अँडरसन यांनी तीन जपानी आणि तीन अमेरिकन कंपन्यांच्या मेमरी चिपांची तपासणी केली होती. पहिल्या हजार तासांत जपानी चिपा बिघडण्याचं प्रमाण ०.०२ टक्क्यांच्या पुढे गेलं नव्हतं, तर सगळ्यांत चांगल्या अमेरिकन कंपनीचं ०.०९ टक्के होतं. भाव तेवढाच, काम तेच, आणि बिघाड चौपटीहून जास्त. सभागृहातल्या अमेरिकन उद्योजकांसाठी हे जिव्हारी लागणारं होतं.

जपानचं हे यश आयतं आलं नव्हतं. १९७६ ते १९८० या काळात जपान सरकारनं एनईसी, हिताची, तोशिबा, फुजित्सु आणि मित्सुबिशी या एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांना एका संशोधन प्रकल्पात एकत्र आणलं. या कंपन्यांना मोठ्या उद्योगसमूहांचा आधार होता, स्वस्त कर्ज मिळत होतं, आणि मंदी आली म्हणून त्यांनी यंत्रखरेदी थांबवली नाही. ६४ हजार बिटांच्या पिढीत निम्म्याहून कितीतरी अधिक बाजार जपानकडे गेला. १९८४-८५ मध्ये या चिपेचा भाव चार डॉलरच्या आसपासवरून वर्षभरात डॉलरच्याही खाली उतरला.

इंटेलचं काय झालं ते आकड्यांतूनच दिसतं. १९७४ मध्ये डीरॅमच्या बाजारातला तिचा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर होता, १९८४ मध्ये तो दीड टक्क्याच्याही खाली आला. १९८५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी गॉर्डन मूर यांना विचारलं, की आपल्याला काढून संचालकांनी नवा प्रमुख आणला, तर तो काय करील? मूर यांचं उत्तर होतं, तो मेमरीतून बाहेर पडेल. ग्रोव्ह म्हणाले, मग ते आपणच का करू नये? ज्या वस्तूवर कंपनी उभी राहिली ती सोडून देणं सोपं नव्हतं. पुढच्याच वर्षी इंटेलला १७ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. मायक्रोप्रोसेसरनं नंतर तिला तारलं, पण तेव्हा त्याची हमी कोणी दिली नव्हती. मोस्टेकला तर तेवढीही संधी मिळाली नाही. १९८५ मध्येच तिला टाळं लागलं आणि तिची मालमत्ता फ्रान्सच्या थॉमसननं घेतली.

मायक्रॉननं कामगार कमी केले, सरकारकडे जपानी कंपन्यांच्या ‘डंपिंग’ची, म्हणजे खर्चाहूनही कमी भावात माल खपवण्याची, तक्रार नेली आणि तग धरला. १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात सेमीकंडक्टर करार झाला. जपाननं स्वस्तात माल विकायचा नाही, असं ठरलं. भाव वर गेले, अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांना चिपा महाग पडू लागल्या, आणि खरा लाभ झाला तो करारात कुठेही नसलेल्या दक्षिण कोरियाचा.

सॅमसंगचे संस्थापक ली ब्यंग-चुल यांनी फेब्रुवारी १९८३ मध्ये मेमरीत उतरण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ६४ हजार बिटांच्या चिपेचा आराखडा त्यांनी पैशाच्या ओढीत असलेल्या मायक्रॉनकडूनच परवान्यावर घेतला. सोलच्या दक्षिणेला गिहुंग इथे सहा महिन्यांत कारखाना उभा राहिला. उत्पादन सुरू झालं ते नेमकं भाव कोसळताना. वर्षामागून वर्ष तोटा होत होता, तरी पुढच्या कारखान्यांचं काम थांबलं नाही. ली १९८७ मध्ये वारले. त्यानंतरच्या वर्षी तेजी आली आणि गुंतवणूक फळू लागली. १९९२ मध्ये सॅमसंग डीरॅममध्ये जगात पहिली झाली. या शर्यतीतला हा सगळ्यांत निधडा जुगार म्हणायला हवा.

जपान मागे का पडला? हिताचीत डीरॅमवर काम केलेले ताकाशी युनोगामी यांचं उत्तर पटण्यासारखं आहे. जपानी कंपन्यांनी मोठमोठ्या मेनफ्रेम संगणकांसाठी २५ वर्षं टिकणाऱ्या चिपा बनवण्याचं कसब कमावलं होतं. नव्वदच्या दशकात मागणी आली ती काही वर्षांत बदलल्या जाणाऱ्या घरगुती संगणकांकडून. सॅमसंग आणि मायक्रॉन यांनी उत्पादनातले टप्पे कमी करून चिप स्वस्त केली. जपानी कारखाने गुणवत्ता उतरवायला तयार नव्हते. ज्या काटेकोरपणाचं वॉशिंग्टनमध्ये कौतुक झालं होतं, तोच आता महाग पडू लागला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जगात वीसेक कंपन्या डीरॅम बनवत होत्या. त्यानंतर पडझड सुरू झाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९९८ मध्ये आपला मेमरीचा व्यवसाय मायक्रॉनला विकला. कोरियात एलजीचा व्यवसाय ह्युंदाईत विलीन झाला आणि त्यातून हायनिक्स ही कर्जात बुडालेली कंपनी निघाली. एप्रिल २००२ मध्ये ती मायक्रॉनला विकायचं जवळजवळ ठरलं होतं, पण तिच्याच संचालक मंडळानं ऐनवेळी नकार दिला. पुढच्या वर्षी अमेरिकेनं तिच्या मालावर ४४ टक्क्यांहून अधिक शुल्क लादलं. नवी यंत्रं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तिथल्या अभियंत्यांनी जुन्याच यंत्रांतून नव्या पिढीच्या चिपा काढल्या. त्या नकाराचं मोल पुढे कळायचं होतं.

याच काळात एक लाजिरवाणी गोष्टही घडली. १९९९ ते २००२ दरम्यान बड्या कंपन्यांनी संगनमतानं भाव ठरवले. अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी, जर्मनीच्या इन्फिनिऑनला १६ कोटी आणि जपानच्या एल्पिडाला ८.४ कोटी डॉलर दंड झाला, काही अधिकारी तुरुंगात गेले. मायक्रॉननं तपासाला सहकार्य करून दंड टाळला. भाव पडतात म्हणून गळा काढणाऱ्यांनी ग्राहकाला असं नागवणं अक्षम्यच होतं.

२००८च्या मंदीनं उरलेल्यांची परीक्षा घेतली. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये बुडाली आणि ड्रेस्डेनचा कारखाना बंद पडला. जपाननं आपले उरलेसुरले डीरॅम उद्योग एल्पिडा या एकाच कंपनीत गोळा केले होते. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेले आणि चिप उद्योगात खालपासून वर आलेले युकिओ साकामोतो तिचे प्रमुख होते. त्यांनी २००२ पासून ती पुन्हा उभी केली होती. तंत्रज्ञानात ती कुठेही कमी नव्हती. पण येन महाग झाला, भाव पडले आणि कर्ज डोक्यावर बसलं. मायक्रॉनशी हातमिळवणीची बोलणी चालू असतानाच ३ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रॉनचे प्रमुख स्टीव्ह ॲपलटन बोईसीत स्वतः चालवत असलेलं छोटं विमान कोसळून मरण पावले. २७ फेब्रुवारीला एल्पिडानं ४४८ अब्ज येनच्या कर्जासह दिवाळखोरी जाहीर केली. जपानच्या कारखानदारीतली ती तोवरची सगळ्यांत मोठी दिवाळखोरी होती. पुढच्या वर्षी मायक्रॉननं ती विकत घेतली. एल्पिडा कोसळली त्याच फेब्रुवारीत कोरियातल्या एसके समूहानं हायनिक्स घेतली होती, आणि घेतल्याबरोबर तिच्यातली गुंतवणूक वाढवली.

वीसेक होत्या त्यांपैकी बाजारावर खरा ताबा असलेल्या आता तीनच उरल्या: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन.

एसके हायनिक्सनं २०१३ मध्ये मेमरीचे थर एकावर एक रचून त्यांतून उभ्या जोडण्या काढलेली ‘एचबीएम’ ही जात बनवली. किंमत जास्त आणि गिऱ्हाईक थोडं, अशी तिची सुरुवातीची काही वर्षं गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत एनव्हिडियाच्या प्रोसेसरांना नेमकी हीच मेमरी हवी होती. काउंटरपॉइंट या संस्थेच्या मोजणीनुसार २०२५च्या पहिल्या तिमाहीत उत्पन्नाच्या हिशेबानं डीरॅमच्या एकूण बाजारात एसके हायनिक्सचा हिस्सा ३६ टक्के, सॅमसंगचा ३४ आणि मायक्रॉनचा २५ टक्के होता. २००२ मध्ये विक्रीला निघालेली कंपनी पहिल्या क्रमांकावर आली.

चीनच्या हफेई शहरातली २०१६ मध्ये सुरू झालेली सीएक्सएमटी ही कंपनी आता या तिघींमध्ये घुसू पाहते आहे. तिच्या पाठीशी तिथल्या सरकारचा पैसा आहे. हिरोशिमाजवळचा एल्पिडाचा जुना कारखाना आज मायक्रॉन चालवते आणि तिथल्या नव्या यंत्रांसाठी जपान सरकार या अमेरिकन कंपनीला अनुदान देतं. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ ही किरकोळ ग्राहकांसाठीची रॅम बंद करायचं जाहीर केलं, कारण डेटा सेंटरवाले मागतील तेवढा माल कमीच पडतो आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वतःचा संगणक जुळवायला सुटे भाग घेणाऱ्याच्या यादीतून त्यामुळे आणखी एक नाव गळेल.