‘डॉसवाला’ लॅपटॉप आणि लावलेली सवय

लॅपटॉप घ्यायला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे दोन भाव सांगितले गेले: विंडोजवाला आणि डॉसवाला. डॉसवाला स्वस्त. तो घेतला की दुकानातच क्रॅक केलेली विंडोज टाकून मिळायची. यातली गंमत अशी की, त्या ‘डॉस’चे खरे नाव बहुधा फ्रीडॉस असायचे. जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली. म्हणजे कायदेशीर आणि मुक्त असलेली प्रणाली पुसून आपण चोरीची बसवत होतो!

हे अज्ञानामुळे झाले, असे म्हणून मोकळे होता येईल. आम्हाला ते मान्य नाही. ही सवय लावली गेली आहे आणि तिला इतिहास आहे.

१९९० च्या आसपास मायक्रोसॉफ्टचे अनेक संगणक कंपन्यांशी ‘प्रत्येक प्रोसेसरमागे’ पैसे घेण्याचे करार होते. संगणकात मायक्रोसॉफ्टची प्रणाली टाका किंवा टाकू नका, पैसे भरावेच लागत. मग दुसरी प्रणाली घेऊन दुप्पट खर्च कोण करणार? अमेरिकी सरकारने चौकशी केली आणि १९९४ च्या तडजोडीत असे करार बंद करायला लावले. पण तोवर बाजाराचे वळण ठरून गेले होते. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेतील लिनक्स वापरणाऱ्यांनी न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागण्यासाठी ‘विंडोज रिफंड डे’ पाळला. २०१४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नको असलेल्या प्रणालीचे पैसे ग्राहकाला परत मिळाले पाहिजेत. यंत्र विकत घेणे आणि त्यातली प्रणाली स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकांना असे भांडून सिद्ध करावे लागले.

पर्याय मात्र कधीच तयार होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल आला. इथे ‘मुक्त’ म्हणजे नुसते फुकट नव्हे. प्रणाली वापरण्याचा, तिची रचना समजून घेण्याचा, ती बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क म्हणजे मुक्त. भाषेची अडचण म्हणाल, तर लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी २००० मध्ये मुंबईत इंडलिनक्स प्रकल्प उभा राहिला. पुढे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने असे धडे मराठीतूनही दिले.

तरीही आपल्या राज्यात काय घडले? २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले, एमएससीआयटी गावोगावी पोहोचली, शासकीय नोकरीसाठी लागू लागली. तिने खेड्यातल्या पोरांना संगणकासमोर बसवले, हे नाकारता येणार नाही. पण शिकवले ते विंडोज आणि एमएस ऑफिस. परिणामी ‘संगणक येतो’ याचा अर्थ ‘विंडोज येते’ असा झाला.

केरळमध्येही सुरुवात अशीच होती. तिथे शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी एकाच कंपनीचा अभ्यासक्रम मुलांवर लादायला विरोध केला. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण लिनक्सवर गेले. तमिळनाडूत दलित समाजातून आलेले सनदी अधिकारी सी. उमाशंकर ‘एल्कॉट’ या सरकारी महामंडळाचे प्रमुख असताना त्यांनी २००७ च्या सुमारास कार्यालयातील संगणक लिनक्सवर नेले. दोन्हीकडे तंत्रज्ञान तेच होते, जे आपल्याकडेही उपलब्ध होते. फरक निर्णयाचा होता.

आज हा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप, चांगले चालत असूनही, कंपनीच्या हिशेबी बाद ठरले. गंगापूर तालुक्यातल्या अभ्यासिकांमध्ये आणि घरांमध्ये याच वयाची, बहुतेक सेकंडहँड यंत्रे आहेत. मजुरी करणाऱ्या बापाने घेऊन दिलेले यंत्र भंगारात कधी जाणार, हे कंपनीने ठरवायचे का?

लिनक्स मिंट किंवा लुबुंटू अशा यंत्रांवर व्यवस्थित चालते. आधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. पेनड्राइव्हवरून प्रणाली चालू करून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. एवढ्याने विंडोज पुसली जात नाही. समाधान झाले तरच बसवा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणि युनिकोड मराठी त्यात आहेच. एखाद्या परीक्षेचे किंवा कामाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. मात्र जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

पण मित्रहो, एकेकट्याने लॅपटॉप बदलून हा प्रश्न सुटणार नाही. केरळात शिक्षकांनी मिळून मागणी केली, तेव्हा अभ्यासक्रम बदलला. आपल्या मागण्याही स्पष्ट असाव्यात: सार्वजनिक पैशातून संगणक घेताना मुक्त प्रणालीचा विचार बंधनकारक करा, आणि शासनमान्य संगणक परीक्षा लिनक्सवरही देता येऊ द्या. तोवर प्रत्येक अभ्यासिकेत लिनक्स बसवता येणारी दोन मुले तरी तयार करूया. लॅपटॉपचे पैसे आपण भरले आहेत. त्यावर काय चालावे, हेही आपणच ठरवू.