'दहा वर्षांपासून राहतोय': एका चुकीचा इतिहास

सुरत–धुळे महामार्गावर नवापूर तालुक्यात विसरवाडी लागते. तिथं कुणालाही विचारा, "इथं कधीपासून राहता?" उत्तर येईल, "दहा वर्षांपासून राहतोय." वर्तमानकाळ आणि सोबत 'पासून', झालं काम. आता हेच वाक्य शाळेतल्या मुलाला इंग्रजीत करायला सांगा. बहुधा ऐकू येईल, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स." लाल पेनाच्या दोन खुणा ठरलेल्या. हवं होतं, "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स."

माझं म्हणणं एवढंच, की ही चूक मुलाच्या बुद्धीची नाही. तिला इतिहास आहे.

आधी मराठीकडे बघू. आपण काम कधी सुरू झालं ते 'पासून'ने सांगतो आणि ते अजून चालू आहे म्हणून क्रियापद वर्तमानकाळात ठेवतो. 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' यांत आपण फरक करत नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषाही असंच करतात. वेगळी वाट इंग्रजीची आहे.

ती वाट जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरच्या 'नाइट्स टेल'मध्ये ही रचना सापडते. पण वापर जुना असला, तरी व्याकरणात तिला वेगळी खुर्ची लगेच मिळाली नाही. लिंडली मरेचं इंग्रजी व्याकरण १७९५ साली आलं आणि पुढे शाळाशाळांत गाजलं. त्यात काळ मोजून सहा. आज मुलं घोकतात तो बारा काळांचा तक्ता म्हणजे नंतरच्या शिकवणाऱ्यांची सोय आहे.

मग नावाचा घोळ. 'परफेक्ट' हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ 'पूर्ण झालेलं'. शाळेच्या मराठीत त्याचा झाला 'पूर्ण', आणि आपल्या या काळाचं नाव पडलं 'चालू पूर्ण वर्तमानकाळ'. एखादं पोरगं विचारतं, "सर, चालू आहे तर पूर्ण कसं?" प्रश्न अगदी बरोबर आहे! इथं 'पूर्ण'चा अर्थ संपलेलं असा नाही. मागे सुरू झालेल्या गोष्टीचा धागा आत्तापर्यंत पोचतो, एवढंच. म्हणून अंगण ओलं दिसलं की इंग्रज म्हणतो, "इट हॅज बीन रेनिंग." पाऊस थांबलेला असला तरी चालतं. आपण तिथं म्हणतो, "पाऊस पडत होता वाटतं." म्हणजे इंग्रजीच्या एका काळासाठी मराठीत दोन वाटा.

आता विसरवाडीच्या वर्गात परत या. या भागात अनेक घरांत मावची बोलली जाते. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात भिल्ल भाषांमध्ये तिची नोंद आहे. बाजारात अहिराणी आणि गुजराती कानावर पडतात, शाळेत मराठी असते. मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून असलेलं इंग्रजी २००० साली पहिलीपासून आलं. तीन-चार भाषा सांभाळणाऱ्या या मुलाला आपण एका 'सिन्स'वरून 'कच्चा' ठरवतो. तोच शिक्का पुढे मुलाखतीपर्यंत सोबत जातो.

उपाय मराठीतच आहे. वाक्यात 'गेली दहा वर्षं', 'गेले तीन दिवस' असं म्हणता आलं तर 'फॉर'. 'गेली २०१५' असं म्हणता येत नाही, तिथं 'सिन्स'. आणि 'ओळखतो', 'माहीत आहे' अशा क्रियापदांना 'बीन' लावायचं नाही. 'दहा वर्षांपासून ओळखतो' म्हणजे 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'.

तक्ता नंतर पाठ होईल. आधी त्या मुलाला सांगा, "तुझं मराठी वाक्य बरोबर आहे. इंग्रजी तेच जरा वेगळं सांगते."