.315 काडतूस : गोळीची निवड
भारतातील नागरी रायफलींचे मध्यम वेगाचे काडतूस. मूळ ऑस्ट्रियन 8 मिमी मॅनलिखरचे; .303 हा लष्करी बोअर नागरिकांना वर्ज्य असल्याने ते रुजले. पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या (1869) काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ हा ठसा दिसतो.

गोळी सुमारे 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास 16 ग्रॅमची. वेग सेकंदाला 600 ते 700 मीटर. एवढ्या वेगात पूर्ण धातुवेष्टित गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. म्हणून शिशाचे टोक उघडे ठेवलेली मऊ गोळीच योग्य. आदळताच ती पसरते, ऊर्जा आतच खर्ची पडते. जनावराचे हाल टाळणे हाच निवडीचा खरा निकष.

पसरणाऱ्या गोळ्यांना युद्धात 1899च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली.