संक्रांतीचा गोडवा आणि कुटुंबाचे आरोग्य : तेरखेडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सणांचा इतिहास लिहिताना देवता, व्रते व पंचांग यांची दखल घेतली जाते. स्वयंपाकघराची मात्र क्वचितच. वस्तुतः समाज काय पिकवतो, काय साठवतो आणि काय वाटून खातो, हे सणाच्या ताटातून स्पष्ट होते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाकेनिर्मितीमुळे दिवाळीशी जोडले गेले आहे. तथापि ज्वारी, हरभरा व करडई पिकविणाऱ्या या कोरडवाहू मुलखाच्या हंगामाशी संक्रांतीचे नाते अधिक निकटचे आहे. या सणातील गोड पदार्थांमागील जुनी व्यवस्था समजून घेणे, साखरेच्या प्रसाराने तिच्यात झालेला बदल तपासणे आणि त्यातून आजच्या कुटुंबासाठी उपयुक्त सवयींचा विचार करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत.

परंपरेतील आहारविचार :
चरकसंहितेतील ऋतुचर्येत हेमंत ऋतूसाठी दूध, उसापासून बनलेले पदार्थ, तेल व नवे धान्य सुचविलेले आहे. थंडीत जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून पचण्यास जड व स्निग्ध आहार चालतो, अशी त्यामागील धारणा होती. बाराव्या शतकात कल्याणच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पक्वान्नांचे सविस्तर वर्णन येते. सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ ग्रंथात अन्नपदार्थांचे गुणदोष सांगितले आहेत. पक्वान्नाची आवड आणि पथ्याचा विचार या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पूर्वापार सोबत नांदत आल्या, असे यावरून म्हणता येते.

लोकाचारातही हेच दिसते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. हरभरा, वांगी, गाजर, पावटा, शेंगदाणे व तीळ घातलेली मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे तिचे जेवण. सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे व गव्हाच्या लोंब्या घालतात. म्हणजे गोडाच्या आधी डाळी, भाज्या व भरड धान्य ताटात येत असे. तिळगूळ तर हातावर ठेवण्यापुरताच. तो खाण्यापेक्षा देण्याचा पदार्थ होता.

साखरेचा प्रसार :
१९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर भारतात साखर कारखानदारी वेगाने वाढली. त्या वेळी हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानात बोधन येथे १९३७ मध्ये निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० च्या सुमारास गाळप सुरू झाले. मराठवाड्यातही, ढोकीच्या तेरणा कारखान्यासह, सहकारी कारखाने निघाले. या चळवळीने ग्रामीण भागात रोजगार आणला, हे नाकारता येणार नाही. परंतु सणापुरती येणारी साखर हळूहळू रोजची झाली. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, हरभरा डाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. साखरेशिवाय सण होत नाही, ही समजूत किती दृढ झाली आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

बोरन्हाणाच्या विधीत हा बदल विशेष जाणवतो. लहान मुलांवर बोरे, करवे, चुरमुरे व हलवा ओतण्याची ही प्रथा. तिथे आता अनेक घरांत चॉकलेट व गोळ्या आल्या आहेत. हंगामाच्या फळांची ओळख करून देणारा विधी अशा वेळी बाजाराची ओळख करून देऊ लागतो.

आजचा प्रश्न :
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले. २००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते. ती निम्म्यावर आणल्यास अधिक हितकर, असेही संघटना सुचवते. गूळ याला अपवाद नाही. २० ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ धरला, तर दोन लाडवांतून २० ग्रॅम गूळ पोटात जातो. तीळ पौष्टिक खरे, पण त्यांचे निम्मे वजन स्निग्धांशाचे असते. म्हणून ‘गुळाचे आहे, कितीही खा’ हा समज टिकत नाही.

येथे भूतकाळाचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. पूर्वीच्या मर्यादेमागे शहाणपण होते, तसेच दारिद्र्यही होते. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेल्या पिढीने मुलांना भरभरून गोड द्यावे, यात नवल नाही. टंचाईने घातलेली मर्यादा आता उरलेली नाही. ती कुटुंबाने समजून-उमजून घालावी लागेल.

निष्कर्ष :
१. भोगीचे जेवण संक्रांतीइतक्याच आवडीने करावे. पोट भरल्यावर गोड आपोआप बेताचे खाल्ले जाते.
२. लाडू लहान वळावेत, वाटून खावेत व उरलेले डब्यात झाकून ठेवावेत.
३. बोरन्हाणात फळांना अग्रक्रम द्यावा. कडक हलवा, शेंगदाणे व बोराची बी लहानग्यांच्या घशात अडकू शकते, म्हणून मोठ्यांनी जवळ असावे.
४. घरातील मधुमेही व्यक्तीला सणातून वगळू नये; हरभरा, हुरडा व भाजी यांच्या बेताच्या वाट्याने तिलाही पंगतीत स्थान राहते.
५. सणाचा स्वयंपाक व आरोग्याची काळजी ही केवळ गृहिणीची जबाबदारी मानू नये.

सारांश, संक्रांतीचा मूळ गोडवा पदार्थाच्या राशीत नसून तो देण्याघेण्यात आहे. इतिहासाने जपलेला हा अर्थ नव्या पिढीपर्यंत पोहोचविणे ही कुटुंबाची, तशीच शिक्षणसंस्थांचीही जबाबदारी ठरते.