अमेरिकेतील करदाता क्रमांकाची घडण

अमेरिकेत करदात्याची ओळख पटवणारा नऊ अंकी ‘सोशल सिक्युरिटी नंबर’ मुळात करवसुलीसाठी निर्माण झालाच नव्हता. महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा कायद्याने कामगारांना वृद्धापकाळी निवृत्तिवेतनाचा हक्क दिला. हे वेतन ज्याच्या त्याच्या कमाईवर ठरणार असल्याने एकाच नावाच्या अनेकांचे हिशेब वेगळे ठेवणे भाग होते, आणि त्यासाठी नोव्हेंबर १९३६ पासून टपाल कचेऱ्यांमार्फत क्रमांकवाटप सुरू झाले. हे कार्ड ओळख पटवण्यासाठी नाही, असा मजकूरही १९४६ पासून त्यावर छापला जाऊ लागला. तरीही प्राप्तिकर खात्याने वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे संगणक केंद्र उभारून विवरणपत्रे, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा व कराचा तपशील, यंत्राने जुळवायला घेतली, तेव्हा हाच क्रमांक करासाठी वापरण्याची तरतूद १९६१ च्या कायद्याने झाली.

हा क्रमांक मिळण्यास जे पात्र नाहीत, पण ज्यांची नोंद कराच्या कागदपत्रांत व्हावी लागते, त्यांच्यासाठी १९९६ मध्ये ‘आयटिन’ हा ९ ने सुरू होणारा, तितक्याच अंकांचा क्रमांक आला. एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरांत तो बहुधा एच-४ व्हिसावर सोबत गेलेल्या पत्नीच्या नावे निघे, कारण पतिपत्नींच्या संयुक्त विवरणपत्रात दोघांचेही क्रमांक लागत. त्या क्रमांकाने नोकरीची मुभा मिळत नाही आणि निवृत्तिवेतनाचा हक्कही नाही. एच-४ व्हिसाधारकांपैकी, २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली आहे, अशांनाच कामाची परवानगी मिळू लागली.

स्वतः एच-१बीवरील नोकरदाराची स्थिती वरवर बरी दिसते. त्याच्या पगारातून, एका कमाल मर्यादेपर्यंत, ६.२ टक्के सामाजिक सुरक्षा कर कापला जातो आणि मालकही तेवढीच रक्कम भरतो. परंतु निवृत्तिवेतनासाठी ४० ‘क्रेडिट’, म्हणजे कमाईच्या प्रमाणात वर्षाला जास्तीत जास्त चार मिळणारे हक्कांश, जमावे लागतात, आणि एच-१बीची सर्वसाधारण कमाल मुदत सहाच वर्षांची आहे. दोन देशांतील नोकरीचा काळ एकत्र धरणारे करार अमेरिकेने अनेक राष्ट्रांशी केले असले, तरी भारताशी तसा करार झालेला नाही. त्यामुळे सहा वर्षांनी पुण्याला परतणाऱ्या अभियंत्याचा क्रमांक आयुष्यभर त्याच्याच नावे राहतो, त्याखाली जमा झालेल्या कराची नोंदही राहते, मात्र ज्या निवृत्तिवेतनासाठी हा क्रमांक जन्माला आला, ते त्याला मिळत नाही. हा उघड अन्याय आहे.