डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील दोन कॅथॉलिक गांवें

इंग्लंड देशाच्या दक्षिणेस डॉर्सेट नांवाचा परगणा आहे. एका अंगास समुद्र, समुद्रालगत उंच कडे, आणि कड्यांच्या मागें हिरव्या टेकड्यांच्या कुशींत वसलेलीं लहान लहान गांवें, असें त्याचें रूप आहे. सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठीं तेथें पुष्कळ लोक जातात. परंतु आम्हां कॅथॉलिकांस तेथील चिडॉक व लल्वर्थ हीं दोन गांवें निराळ्याच कारणासाठीं वंदनीय आहेत.

एलिझाबेथ राणीच्या अमदानींत, इ. स. १५८५ च्या कायद्यानें, परदेशांत दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूनें इंग्लंडांत राहणें हा राजद्रोह ठरला. त्यास आसरा देणारासही देहान्ताची शिक्षा होती. अशा काळीं चिडॉक येथील अरंडेल घराण्याच्या किल्ल्यांत फादर जॉन कॉर्नेलियस गुप्तपणें मिस्सा अर्पीत असत. १५९४ सालीं ते पकडले गेले. त्यांस बोडक्या डोक्यानें नेत आहेत हें पाहून थॉमस बॉस्ग्रेव्ह या गृहस्थानें आपली टोपी त्यांच्या मस्तकावर ठेविली. एवढ्या सौजन्यासाठीं त्यालाही कैद झाली! जॉन केरी व पॅट्रिक सॅल्मन या दोघां सेवकांचीही तीच गत झाली. त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं डॉर्चेस्टर येथें या चौघांनीं धर्मासाठीं प्राण दिले. पोप अकरावे पायस यांनीं १९२९ सालीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें.

पुढें यादवी युद्धांत, १६४५ सालीं, तो किल्लाही पडला. पण श्रद्धा पडली नाहीं. धान्याच्या कोठाराचा एक माळा हेंच गरीब भाविकांचें मंदिर झालें. १८०२ सालीं ही जहागीर वेल्ड घराण्याकडे आली, आणि १८७२ सालीं त्याच कोठाराच्या जागीं रक्तसाक्ष्यांची राणी पवित्र मरिया हिच्या नांवानें सुंदर देऊळ उभें राहिलें. तो जुना माळा मात्र आदरानें राखून ठेविला आहे.

हेंच वेल्ड घराणें १६४१ पासून लल्वर्थ येथील वाड्याचे धनी होतें. कॅथॉलिक उपासनेस कायद्याची मोकळीक १७९१ सालीं मिळाली. परंतु थॉमस वेल्ड यांनीं त्यापूर्वींच, १७८६ सालीं, आपल्या आवारांत पवित्र मरियेचें प्रार्थनामंदिर बांधावयास घेतलें. तें बाहेरून देवळासारखें दिसूं नये अशा अटीवर राजा तिसरा जॉर्ज यानें संमति दिली, अशी आख्यायिका आहे. याच लहानशा मंदिरांत १५ ऑगस्ट १७९० रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीं, अमेरिकेचे पहिले बिशप जॉन कॅरोल यांचा अभिषेक झाला. १७९४ सालीं थॉमस वेल्ड यांनीं आपला स्टोनीहर्स्टचा वाडा निराश्रित येशूसंघीयांस शाळेसाठीं दिला, आणि फ्रान्सच्या क्रांतीमुळें परागंदा झालेल्या ट्रॅपिस्ट संन्याशांस लल्वर्थ येथें थारा दिला. त्यांचा पुत्र १८३० सालीं कार्डिनल झाला. १९२९ सालीं आगीनें वाड्याचा अंतर्भाग भस्म झाला. प्रार्थनामंदिर मात्र सुरक्षित राहिलें.

डॉर्सेटला लागूनच विल्टशायर परगणा आहे. तेथेंच फादर थॉमस स्टीफन्स जन्मले. एलिझाबेथ राणीच्याच काळांत स्वदेश सोडून ते १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या मराठींत छापून निघालें. ज्या भूमींत धर्मगुरूस उघडपणें मिस्सा करितां येत नव्हती, त्याच भूमीच्या पुत्रानें आमच्या भाषेंत प्रभूची कथा गाइली, हा देवाच्या कृपेचा केवढा विलक्षण योग!

वाचकहो, वसईच्या किल्ल्यांतील भग्न देवळें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस निराळें सांगावयास नको कीं दगडी भिंती पडतात, वाडे जळतात. देऊळ बांधण्यास वर्षें लागतात. तें टिकवावयास पिढ्या लागतात. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या दिवशीं वेदीवरील मेणबत्त्या पाहतांना त्या कोठाराच्या माळ्यावर, दार लावून, हळू आवाजांत प्रार्थना करणाऱ्या शेतकऱ्यांची आठवण करावी. आम्हांस दार लावावें लागत नाहीं. म्हणून तें उघडें दार ओलांडून दर रविवारीं आंत येण्याचा आळस तरी आमच्या हातून न घडो.