अंधारीच्या तोंडाशी

सन १६३३. उन्हाळा कडाडलाय आणि तुम्ही महाबतखानाच्या मोगल फौजेतले शिपाई आहात. समोर निजामशाहीचा गड देवगिरी, म्हणजेच दौलताबाद. बाहेरचा अंबरकोट पडला, मग महाकोट. वाटेत दरवाज्यांवरचे अणकुचीदार खिळे पाहिलेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले. एका दरवाज्यातून पुढचा दिसत नाही. तो वळणाआड आहे, हत्तीला धाव घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

इथवर बारूद कामाला आली. आता मान वर करा. डोंगराचा उतारच कुणीतरी काढून टाकलाय! सुमारे पन्नास मीटर उभा कातळ, सगळीकडून तासलेला, पायाशी कातळातच खोदलेला खंदक. तटाला चिऱ्यांचे सांधे असतात, तिथे सुरुंग भरता येतो. इथे सांधाच नाही. डोंगर वरून खाली कोरण्याची विद्या या मुलखात जुनी. वेरूळचं कैलास लेणं इथून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. यादवांच्या या राजधानीत त्याच विद्येचा तट झाला, आणि मला तरी त्याच्या तोडीचा तट ठाऊक नाही.

वर जायला एकच वाट. खंदकावरचा अरुंद पूल ओलांडा, पुढे अंधारी: कातळातलं काळंकुट्ट, वळणावळणाचं भुयार. हात भिंतीवर ठेवून चढा. पायऱ्या उंच-बुटक्या, पाऊल चुकतंच. मागून येणारा आपला की परका, कळत नाही. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण आहे. त्यावर जाळ केला की लोखंड तापून लाल होतं आणि धूर तुमच्या अंगावर उतरतो.

तुम्हाला मात्र त्या भुयारात शिरावं लागणार नाही. वर धान्य संपलंय.

हे दुसऱ्यांदा घडतंय. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामदेवराय यादवाने घाईघाईने गडावर पोती चढवली. फरिश्ता लिहितो की ती कोकणच्या व्यापाऱ्यांची होती, आणि धान्य समजून नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं. एवढा कातळ तासणाऱ्या गडाला दोन्ही वेळा कोठाराने दगा दिला.

जूनमध्ये मलिक अंबरचा मुलगा फतेहखान गड खाली करतो. बालसुलतान हुसेन निजामशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत होते. पुढच्या तीन वर्षांत निजामशाही संपते.